पर्यावरणवाद हा नवा धर्म आहे काय? न्हावा-शेवाच्या खाडीकाठचा एक विचार

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या युवागटाची बैठक भरली होती. विषय साधा होता. एका रविवारी खाडीकाठच्या तिवरांत अडकलेले प्लास्टिक गोळा करावयाचे होते. सर्वांना सोयीची वेळ सकाळचीच होती आणि तेव्हा तर मिस्सा असते. दिवस ठरेना, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, एखाद्या रविवारी मिस्सा चुकली तर काय बिघडले? हे कामसुद्धा प्रार्थनाच आहे ना?’’ तिचे वाक्य पुरे होते न होते तोच न्हावा-शेवाच्या एका कंटेनर यार्डात पाळीवर काम करणारा तरुण हसून म्हणाला, ‘‘बघा, मी म्हणतच होतो. पर्यावरणवाल्यांचा हा नवा धर्मच आहे. त्यांचे वेगळे पाप, त्यांचे वेगळे प्रलयाचे भाकीत. आणि आमच्यासारखे बंदरावर पोट भरणारे तेवढे पापी!’’

दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध वाटले तरी दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती. मुलीच्या दृष्टीने निसर्गाची सेवा धर्माची जागा घेऊ शकत होती. तरुणाच्या दृष्टीने तिने ती केव्हाच घेतली होती, आणि म्हणूनच ती त्याला संशयास्पद वाटत होती. त्या सायंकाळी मी दोघांपैकी एकालाही नीट उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेखात ते राहिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

हा आक्षेप त्या तरुणाचा एकट्याचा नव्हे. ‘ज्युरासिक पार्क’ या कादंबरीचे लेखक मायकेल क्रायटन यांनी सप्टेंबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॉमनवेल्थ क्लबमध्ये दिलेल्या भाषणात तो सविस्तर मांडला होता. त्यांच्या मते पर्यावरणवाद हा शहरी नास्तिकांनी पत्करलेला धर्म असून त्याची बांधणी थेट ज्यू-ख्रिस्ती परंपरेच्या साच्यावर झाली आहे. आरंभी निसर्गाशी एकरूप असलेले एदेन, मग ज्ञानवृक्षाचे फळ खाऊन झालेले पतन म्हणजे प्रदूषण, पुढे सर्वांची झडती घेणारा न्यायाचा दिवस आणि त्यातून वाचण्याचा तारणमार्ग म्हणजे शाश्वत जीवनशैली. सेंद्रिय अन्नाला तर त्यांनी या धर्माचा कम्युनियन ठरविले. गमतीची गोष्ट अशी की, त्याआधी ३६ वर्षे, म्हणजे १९६७ साली, लिन व्हाइट या इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका उलटा आरोप केला होता. निसर्गाच्या आजच्या दुर्दशेचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणजे एकाने निसर्गाच्या नाशाचे खापर आपल्या माथी फोडले आणि दुसऱ्याने निसर्गाचे रक्षण हीच आपली नक्कल ठरविली! याच व्हाइट यांनी लेखाच्या अखेरीस संत फ्रान्सिस असिसीकर यांना पर्यावरणाचे आश्रयदाते मानावे असे सुचविले होते, आणि १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत फ्रान्सिस यांना तसे घोषितही केले, हे जाता जाता नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायासनासमोर गेला. टिम निकल्सन हे ग्रेंजर या मालमत्ता क्षेत्रातील कंपनीत शाश्वत विकास विभागाचे प्रमुख होते. नोकरी गेल्यावर त्यांनी तक्रार केली की, हवामानबदलाविषयी आपली जी निष्ठा आहे तिच्यामुळे आपल्याला भेदभावाची वागणूक मिळाली. धर्म वा श्रद्धा यांवरून नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून तेथे २००३ साली नियम करण्यात आले होते. ते या प्रकरणास लागू होतात काय, एवढाच मुद्दा होता. नोव्हेंबर २००९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने निर्णय दिला की, अशी निष्ठा मनापासूनची असेल तर ती ‘तात्त्विक श्रद्धा’ म्हणून कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरू शकते. न्यायाधीशांनी तिला धर्म म्हटले नाही, हे ध्यानात घ्यावे. एखादी धारणा माणसाच्या आयुष्यात किती वजन राखून आहे, याकडे कायदा पाहतो. आपल्याला तेवढ्यावर थांबता येणार नाही. माणूस एखादी गोष्ट किती घट्ट धरून बसतो यावरून ती धर्म ठरत असती, तर आपल्या देशात क्रिकेटसाठी एक स्वतंत्र धर्मप्रांत स्थापावा लागला असता.

मग मोजायचे कशाने? १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे चार भाग आहेत. आपण काय मानतो, आपण संस्कारांतून काय साजरे करतो, आपण कसे जगतो आणि आपण प्रार्थना कशी करतो, असा त्यांचा क्रम आहे. ही फूटपट्टी आपल्या घरचीच आहे, तेव्हा तिचाच उपयोग करू या.

आचाराच्या बाबतीत पर्यावरणवाद धर्मासारखा आहे, यात वाद नाही. काय खावे, काय टाळावे, कोणत्या पिशवीतून बाजार आणावा, इथपर्यंत त्याचे विधिनिषेध आहेत, आणि ते पाळणाऱ्यांच्या मनात न पाळणाऱ्यांविषयी कधी कधी परुश्यांचा तोराही असतो. साजरे करण्याविषयी फार सांगण्याजोगे नाही. पाच जूनला रोप लावणे वा वर्षातून एक तास दिवे मालविणे म्हणजे काही साक्रामेंत नव्हेत, आणि तसा दावाही कोणी करीत नाही. खरी चर्चा श्रद्धेची आणि प्रार्थनेची आहे.

श्रद्धेचे पाहू. प्रभू येशू मृतांतून उठला, हे आपण प्रेषितांच्या साक्षीवरून आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेतून स्वीकारतो. समुद्राची पातळी वाढते आहे, हे विधान त्या जातीचे नाही. पलीकडच्या तीरावर, मुंबईच्या अपोलो बंदर येथे, समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून होत आली आहे आणि हिंदी महासागराच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते. तिच्यावर विश्वास ठेवण्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही, आणि ती चुकीची असेल तर दुसरा कोणी मोजून तसे दाखवून देऊ शकतो. हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तविण्यात आली होती. त्या विधानाला आधार नसल्याचे उघड झाले आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक जाहीरपणे मान्य केली. टीकाकार हा प्रसंग पर्यावरणवाद्यांची फजिती म्हणून सांगतात. मला तो त्यांच्याच आक्षेपाला उत्तर देणारा वाटतो. आपल्या विश्वासांगीकाराला कोणी शुद्धिपत्र जोडीत नाही. विज्ञानाला ते जोडता येते, किंबहुना जोडावेच लागते.

शिवाय आपल्या किनाऱ्यावर तर यंत्राच्या नोंदीचीही गरज पडू नये. ७ ऑगस्ट २०१० रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडलेले ‘एमएससी चित्रा’ हे जहाज आणि ‘खलिजिया-३’ हे दुसरे जहाज यांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. कंटेनर पाण्यात पडले आणि त्यांतील काहींमध्ये कीटकनाशके होती. तेलाचा थर मुंबई-रायगडच्या किनाऱ्यांवर आणि तिवरांपर्यंत पोहोचला. तिवराची मुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात. झाड त्यांतूनच हवा घेते, आणि त्यांवर तेल बसले की ते गुदमरते. लोकांनी मासळी खाण्याची धास्ती घेतली आणि कोळणींच्या पाट्या बाजारातून तशाच परत येऊ लागल्या. या काळ्या मुळांवर श्रद्धा ठेवायची की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रार्थनेच्या बाबतीत मात्र दोहोंतील अंतर मोठे आहे. पर्यावरणवादी माणूस खाडीवर जीव लावू शकतो, तिच्यासाठी तुरुंगात जाऊ शकतो, परंतु हाताला लागलेल्या जिताड्याबद्दल आभार मानायचे ते कोणाचे, याचे उत्तर पर्यावरणवाद म्हणून त्याच्यापाशी नसते. ते त्याला अन्यत्र शोधावे लागते. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात. आपल्या वाडवडिलांनी आगेऱ्याच्या दिवशी भाताच्या पहिल्या लोंब्या वेदीपाशी आणल्या. पश्चिम घाटातील देवरायांत देवाच्या भयाने लोकांनी शतकानुशतके कुऱ्हाड चालविली नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून तेथे किती दुर्मीळ वनस्पती टिकून राहिल्या आहेत हे दाखविले. या सर्व ठिकाणी निसर्ग राखला गेला तो कोणापुढे तरी हात जोडल्यामुळे. म्हणून युवागटातील त्या मुलीला माझे पहिले उत्तर असे की, चिखलातील काम ही प्रार्थना होऊ शकते, परंतु ती कोणापुढे मांडलेली आहे हे ठाऊक असेल तर. मिस्सेत आपण तेच शिकतो. वेदीवर ठेवलेली भाकर ही पृथ्वीची देणगी आणि मानवी हातांचे श्रम म्हणूनच अर्पण केली जाते.

पापाविषयी मात्र त्या तरुणाच्या टोमण्यात तथ्य आहे, आणि तेथे थोडे थांबावयास हवे. पर्यावरणवादाला पाप ठाऊक आहे. क्षमा ठाऊक नाही. कोणी कितीही काटकसर केली तरी त्याच्या श्वासागणिक कार्बन मोजला जातो आणि ‘शांतीने जा’ असे म्हणणारे कोणी नसते. या कोंडीतून सुटण्यासाठी मग पळवाटा निघतात. खाडीमुखावरील तिवरे तोडावयाची आणि दूर कोठेतरी माळावर रोपे लावल्याचे प्रमाणपत्र जोडावयाचे, हा असाच एक प्रकार. आपल्या ख्रिस्तसभेने हा रोग स्वतःच्या अंगावर सोसला आहे. मध्ययुगात दंडमाफीची पत्रे पैशांनी विकली गेली, त्यावरून युरोपातील ख्रिस्तसभा दुभंगली आणि ट्रेंटच्या विश्वपरिषदेला (१५४५-१५६३) त्या गैरव्यवहाराचा बंदोबस्त करावा लागला. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीविषयी इशारा दिला, तेव्हा त्यांना हा इतिहास आठवला असेल काय, असे मला नेहमी वाटते.

कॅथॉलिक परंपरेत पापनिवेदनाबरोबर भरपाई येते. चोरलेले परत करावे लागते. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले तेवढ्यावर भागले नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. आणि येथेच न्हावा-शेवाची दोन प्रकरणे प्रत्येक भाविकाने माहीत करून घेण्यासारखी आहेत.

पहिले तेलाचे. वंगणाचे तेल म्हणून परदेशातून आणलेले १३३ कंटेनर या बंदरात अडकून पडले होते. तपासणीत ते टाकाऊ, घातक तेल असल्याचे निघाले. ५ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला आणि त्याचा खर्च आयातदारांवर टाकला. ज्याने घाण केली त्याने भरावे, हे तत्त्व तेथे लागू झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर एका देशाने आपले पाप बनावट नावाने दुसऱ्याच्या दारात आणून ठेवले होते.

दुसरे प्रकरण माणसांचे. चौथ्या कंटेनर टर्मिनलसाठी समुद्रात भराव घालण्याचे ठरले, तेव्हा उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. भरतीचे पाणी अडेल, तिवरे जातील आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारीची जागा नाहीशी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना एकूण सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, सिडको व ओएनजीसी यांना दिला. भागाकार केला तर कुटुंबामागे सुमारे ५ लाख ८४ हजार रुपये होतात. निवाडा झाला म्हणजे पैसा हातात पडला असे नसते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तरीसुद्धा होडी, जाळे आणि भरतीचे पाणी यांवर जगणाऱ्या माणसाचे नुकसान हे नुकसान आहे आणि ते मोजता येते, हे या निवाड्याने कागदावर आणले. या मच्छीमारांनी कोणत्याही नव्या पंथाचा प्रचार केला नव्हता. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी आणि बोय कोठे मिळत असत आणि आता कोठे मिळत नाहीत, एवढेच त्यांना सांगावयाचे होते.

आता मला जे मुख्यत्वे म्हणावयाचे आहे त्याकडे येतो. पर्यावरणवाद धर्मासारखा आहे काय, हा प्रश्न आपण एकाच पक्षाला विचारतो. विकासाला तो कोणी विचारीत नाही.

हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले. भाक्रा-नांगलसारख्या मोठ्या प्रकल्पांना नव्या भारताची मंदिरे म्हणणारे नेहरूच होते, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. मंदिर म्हटले की बळी आला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे, खाजणे यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी आणि इतर कुटुंबांना सांगण्यात आले की हा त्याग राष्ट्रासाठी आहे आणि त्याचे फळ पुढे मिळेल. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकांना परत देण्याचे धोरण या रक्तातून आले. शेवा गावच्या कोळ्यांना बंदरासाठी मूळ जागेवरून उठवून हनुमान कोळीवाडा येथे वसविण्यात आले. तेथे घरांना वाळवी लागली. दारे, वासे, कपाटे पोखरली गेली आणि पुन्हा पुनर्वसनाची मागणी करण्यात एक पिढी म्हातारी झाली.

न पाहिलेल्या फळावर विश्वास ठेवा, आज त्याग करा, शंका घेऊ नका, ही भाषा कोणाची आहे? क्रायटन यांनी पर्यावरणवाद्यांच्या तोंडी जो पंथ पाहिला, तो आमच्या किनाऱ्यावर तरी पलीकडच्या बाजूने बोलत होता. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजा नाबोथाला त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. व्यवहाराच्या दृष्टीने देकार वाईट नव्हता. वाडवडिलांचे वतन देणार नाही, एवढेच नाबोथ म्हणतो, आणि पुढे काय झाले ते आपण जाणतो. एलिया संदेष्टा अहाबाकडे गेला तो मळ्याचे पर्यावरणीय मूल्य सांगावयास नव्हे. जमीन आणि माणूस यांना एकत्रच लुटले गेले होते, आणि एलियाने दोहोंचा जाब एकत्रच विचारला.

माझ्या या म्हणण्याचा कोणी असा अर्थ करू नये की बंदर हे सैतानाचे काम आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. आपल्या औषधांपासून अन्नधान्यापर्यंत कितीतरी वस्तू येथून येतात-जातात आणि आपल्या कित्येक घरांतील चूल त्यावर पेटते. आमच्या गटातील तो तरुणही त्यातलाच. त्याला पापी ठरविणारा पर्यावरणवाद मला मान्य नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूवरून २१.८ किलोमीटरचा प्रवास करून शहरातली मंडळी उरणच्या पाणथळींवर रोहित पक्षी पाहावयास येतात, ते अवश्य यावेत. मात्र दुर्बिणीतून पाणजे येथील पक्षी दिसावेत आणि त्याच पाण्यात पाग टाकणारा माणूस दिसू नये, असे घडू लागले की मग संशय घ्यावा. तेथे प्रेम खरोखरच मूर्तिपूजेकडे झुकू लागते.

या धोक्याविषयी ख्रिस्तसभा मौन बाळगून नव्हती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात दोन्ही टोके दाखवून दिली. निसर्गाला माणसाहून श्रेष्ठ मानणे ही नव्या मूर्तिपूजेची वाट आहे आणि निसर्गाला केवळ कच्चा माल समजणे हीसुद्धा तेवढीच चुकीची वाट आहे, असा त्यांच्या शिकवणीचा आशय. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’मध्ये पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे एकाच कानाने ऐकावयास सांगितले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. ही दोन क्रियापदे एकत्र येतात. एकट्या मशागतीतून बंदर होते आणि एकट्या राखणीतून कुंपण. मागील वर्षांत ख्रिस्तसभेने आणखी एक पाऊल टाकले. सृष्टीच्या रक्षणासाठी खास मिस्सेच्या प्रार्थना २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झाल्या आणि त्याच महिन्यात पोप लिओ चौदावे यांनी कास्तेल गांदोल्फो येथे त्या प्रार्थनांनुसार मिस्सा अर्पण केली. म्हणजे त्या मुलीच्या ‘मिस्सा की खाडी’ या पेचाला रोमहून आलेले उत्तर असे की, खाडीला मिस्सेत घेऊन या.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे अगदीच नवीन नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. हिरव्या पट्ट्यावर इमारती चढविणारा विकास आराखडा आणि विहिरींतील गोडे पाणी टँकरने उपसून नेणारा धंदा यांविरुद्ध तिने लढा दिला. त्यात सर्व धर्मांचे लोक होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे हे संपादक पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. विहिरीत खारे पाणी शिरू नये म्हणून मोर्चात चालणे आणि वेदीवर द्राक्षारसात पाण्याचा थेंब मिसळणे, या दोन कृती त्यांच्या आयुष्यात एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला असल्याचे म्हटले. २००५ पासून त्याच न्यायालयाच्या आदेशाने राज्यभर तिवरतोडीला मनाई होती. कायदा आहे, निवाडे आहेत, तरी भरतीबरोबर येणारा कचरा मात्र कोर्टाचे ऐकत नाही, आणि म्हणून आमचा दिवस ठरविणे भागच होते. तो अखेर शेजारच्या कोळीवाड्यातील एका मावशींनी ठरविला. त्या म्हणाल्या, ‘‘पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला कशाला जाता? दुपारी पाणी डोक्याशी येईल. अष्टमीचा भांग बघा. पाणी वरपर्यंत चढत नाही, ओहोटी मध्यान्हीला. मिस्सा करा, न्याहारी करा, मग या.’’ कॅलेंडर काढले आणि अष्टमीला लागून आलेला रविवार सापडला.

त्या दिवशी साडेसातच्या मिस्सेला नेहमीपेक्षा चार डोकी अधिकच होती. यार्डातील तरुणाची आदल्या दिवशी रात्रपाळी होती. तो कामावरून सरळ आला आणि येताना बाजारातून रबरी हातमोज्यांच्या दोन डझन जोड्या विकत घेऊन आला. दुपारपर्यंत तिवरांच्या मुळांतून आम्ही २२ पोती भरली. दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, तुटक्या चपला, एक प्लास्टिकची खुर्ची. एका पोत्यात कंटेनरच्या दाराला लावतात ती तुटलेली सीले बरीच निघाली. त्याने ती एकेक करून बाजूला काढली, पुसून त्यांवरचे क्रमांक वाचले आणि खिशात टाकली.